गाणं कुणाचं, ट्रॅक कुणाचा?

या कायदेसल्ल्याच्या सदरात गेल्या अंकात दुकानाच्या भाडेकरारावर लिहिलं, आणि पत्रं आली ती सगळी गाण्यांच्या हक्कांची. कोल्हापूरच ते. पेठेत प्रत्येक गल्लीत एक पैलवान आणि एक गायक असायचाच. आता गायकाकडं माइक आणि ब्लूटूथ स्पीकरही असतो. पत्रं बरीच आहेत, त्यातली निवडक घेते. बाकीच्यांची उत्तरं यातच कुठंतरी सापडतील.

ताई, मी उद्यमनगरात दिवसा लेथवर असतो आणि रात्री की-बोर्डवर. जुन्या मराठी सिनेगीतांचे कराओके ट्रॅक बनवतो. मूळ गाण्यातला एक तुकडाही घेत नाही. ढोलकी खरी वाजवून घेतो, बासरीला माणूस बोलावतो, बाकीचं प्रोग्रॅमिंग. खाली शब्द सरकत जातील असा व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकतो, पेनड्राइव्हवर विकतो. आता इचलकरंजीच्या एका पठ्ठ्यानं माझे ट्रॅक उचलून, माझं नाव पुसून स्वतःच्या चॅनेलवर चढवलेत. त्याला नोटीस काढायची आहे. फी किती होईल?

फीचं नंतर बघू. नोटीस गेली की पलीकडचा वकील उलट एकच ओळ लिहील: तुमच्या अशिलाकडं मूळ गाण्याची परवानगी आहे का? तुमच्या पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही, म्हणजे नसावी.

आणि इथं कायदा फार कडक आहे. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्याच्या कलम १३ च्या पोटकलम ३ मध्ये म्हटलंय की एखादं ध्वनिमुद्रण करताना मूळ काव्याच्या किंवा संगीताच्या हक्काचा भंग झाला असेल, तर त्या ध्वनिमुद्रणाला कॉपीराइटच मिळत नाही. चित्रफितीचंही तेच, तिचा मोठा भाग दुसऱ्याच्या हक्काचा भंग करून बनलेला असेल तर. म्हणजे तुम्ही रात्री जागून, पदरचे पैसे घालून केलेला ट्रॅक कायद्याच्या नजरेत तुमच्या मालकीचाच नाही. इचलकरंजीकरानं तो उचलला हे वाईट केलं. त्याला फोन करून दोन शब्द सुनवायला कुणाची आडकाठी नाही. पण कोर्टात तुम्ही कशाचे मालक म्हणून उभे राहणार? मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं म्हणून प्रत्येक भांडण तिकडं न्यायचं नसतं.

‘मी तर सगळं स्वतः वाजवलं, मग भंग कसला?’ हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि तो जवळजवळ प्रत्येक ट्रॅकवाला विचारतो. सिनेमाचं गाणं म्हणजे एकाच वाड्यातली तीन बिऱ्हाडं समजा. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, आणि त्या दिवशी स्टुडिओत जे मुद्रित झालं ते तिसऱ्याचं. तुम्ही नवं वाजवलंत म्हणजे तिसऱ्या बिऱ्हाडाला हात लावला नाही, एवढंच. चाल तीच आहे, म्हणून संगीताचा हक्क आला. पडद्यावर शब्द सरकवलेत, म्हणून काव्याचाही आला. गंमत बघा, पडद्यावर शब्द न दाखवता नुसता वाजवलेला ट्रॅक असता तर निदान शब्दांचं बिऱ्हाड सुटलं असतं. कराओकेला शब्द दाखवणं भाग, त्यामुळं तेही गळ्यात.

यातला प्रत्येक हक्क वेगवेगळ्या तारखेला संपतो, हेही लोकांना माहीत नसतं. शब्दांचा आणि चालीचा हक्क त्या-त्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. गदिमा गेले १९७७ च्या डिसेंबरात. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत. सुधीर फडके, आपल्याच गावात जन्मलेले बाबूजी, २००२ साली गेले. त्यांच्या चालींवरचा हक्क २०६२ संपेपर्यंत. एकच गाणं, शब्द मोकळे झाल्यावरही चाल पंचवीस वर्षं बांधलेली. जगदीश खेबुडकर २०११ ला गेले. त्यांचं गीत घ्यायचं तर २०७१ पर्यंत विचारल्याशिवाय चालणार नाही. हक्क कंपनीनं विकत घेतलेला असला तरी मोजणी माणसाच्या आयुष्यावरूनच होते.

आता कुणीतरी तुम्हाला सांगेल की ‘कव्हर व्हर्जन’ला, म्हणजे जुनं गाणं नव्यानं गाऊन-वाजवून काढायला, परवानगी लागत नाही, नुसती रॉयल्टी भरायची. हे अर्धं खरं आहे आणि अर्धं जुनं आहे. कॅसेटच्या जमान्यात जुनी गाणी नव्या गळ्यांत गाऊन घेऊन स्वस्तात विकायचा धंदा जोरात होता, तो कायद्यातल्या एका सवलतीच्या आधारावर. मूळ रेकॉर्डिंगला दोन वर्षं झाली की नोटीस द्या, रॉयल्टी भरा, काढा कॅसेट. २०१२ च्या दुरुस्तीनं ती वाट अरुंद केली. आता कलम ३१सी आहे. पाच कॅलेंडर वर्षं थांबायचं. आधी नोटीस द्यायची, कव्हर किंवा लेबल आधी दाखवायचं, रॉयल्टी आगाऊ भरायची. शब्दांत-चालीत तांत्रिक गरजेपलीकडं बदल करायचा नाही. शेवटचं रेकॉर्डिंग ज्या माध्यमात निघालं त्याच माध्यमात काढायचं. कव्हरवर ‘ही कव्हर आवृत्ती आहे’ असं लिहायचं, आणि मूळ गायकाचं नाव किंवा फोटो, मूळ सिनेमाचं नाव किंवा चित्र टाकायचं नाही. तुमच्या चॅनेलवरचे थंबनेल मी बघितले. प्रत्येकावर नायिकेचा फोटो आहे.

आणि शेवटची अट ऐकून खुर्चीला धरून बसा. दर गाण्यामागं, दर वर्षाला, किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची. तुमचे पेनड्राइव्ह गेले असतील पन्नास-साठ. ही सवलत मोठ्या व्यापाऱ्याला मापून शिवलीय, उद्यमनगरातल्या रात्रीच्या कलाकाराला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दुरुस्ती करणाऱ्यांनी गीतकार-संगीतकारांचा विचार केला ते चांगलंच केलं, पण छोट्या माणसासाठी एखादी खिडकी ठेवायला हवी होती.

बरं, पैसे असते तरी तुमचं काम झालं नसतं. ही सवलत ध्वनिमुद्रणापुरती आहे. तुम्ही बनवता तो व्हिडिओ. निळ्या पडद्यावर नुसते शब्द सरकत असले तरी ते दृश्य मुद्रण झालं, आणि कायद्यात दृश्य मुद्रण आलं की ती चित्रफीत. काव्यावरून-संगीतावरून चित्रफीत करण्याचा हक्क मालकाकडं वेगळा राखलेला आहे. धंद्यातली माणसं त्याला ‘सिंक’ म्हणतात. तो मागायचा मालकाकडं, आणि त्यानं नाही म्हटलं तर विषय संपला.

मग करायचं काय? मालक शोधायचा. जुन्या सिनेगीतांचे बहुतेक हक्क म्युझिक कंपन्यांकडं आहेत. शोधायला कॅसेट किंवा तबकडी हाताशी असली तर उत्तम. कॅसेटच्या डबीतला कागद पूर्ण उलगडा. सगळ्यात आतल्या घडीला, जिथं छपाई मुंगीएवढी होते, तिथं वर्तुळातला ‘पी’ आणि त्यापुढं साल आणि नाव असेल. तो ध्वनिमुद्रणाचा मालक. शेजारी वर्तुळातला ‘सी’ दिसेल, तो छापील मजकुराचा आणि चित्राचा. लोक ‘सी’ बघून पत्र लिहितात. ट्रॅकवाल्यानं आधी ‘पी’ बघावा. डबी नसेल तर त्याच गाण्याच्या अधिकृत व्हिडिओखाली परवाना कुणाचा ते लिहिलेलं असतं, तिथून सुरुवात करा.

कंपनीला पत्र घालताना ‘मला तुमचं गाणं वापरायचं आहे’ असं मोघम लिहू नका. असल्या पत्राला उत्तर येत नाही. गाण्याचं नाव, सिनेमा, गीतकार, संगीतकार. मग काय करणार: नव्यानं वाजवलेला ट्रॅक, मूळ ध्वनिमुद्रण वापरणार नाही, पडद्यावर पूर्ण गीत दाखवणार. कुठं: यूट्यूबवर, पेनड्राइव्हवर, की दोन्हीकडं. किती प्रती, किती वर्षं, फक्त भारतात की बाहेरही. पैसे मिळवणार की नाही. आणि शब्द, चाल, या दोन्हींचे हक्क तुमच्याकडं आहेत का, हे सरळ विचारा. ‘चालीचे आमच्याकडं, शब्दांचे दुसरीकडं’ असं उत्तर आलं तर दुसरं पत्र घालायचं. परवानगी लेखीच हवी. कलम ३० तसं सांगतं. ‘साहेब फोनवर हो म्हणाले’ हे कसबा बावड्याच्या कोर्टात चालत नाही. तिथंच कशाला, कुठंच चालत नाही.

बासरीवाल्याकडून आणि ढोलकीवाल्याकडूनही एक कागद घ्या. वाजवणाऱ्याला कलाकार म्हणून स्वतःचे हक्क आहेत. पाकिटात पैसे दिले म्हणून ते हक्क तुमच्याकडं येत नाहीत. माझे सासरे शिवाजी पेठेत क्लॅरनेट वाजवायचे. त्यांनी कितीतरी रेकॉर्डिंगला वाजवलं असेल, एकाही कव्हरवर नाव नाही. म्हणून हा मुद्दा मी जरा जास्त जोरानं लिहिते, मान्य आहे.

हे सगळं कागदावर आलं की ट्रॅक तुमचा. मग इचलकरंजीचा पत्ता पाठवा, नोटीस मी काढते. तोवर यूट्यूबवर त्याच्याविरुद्ध तक्रार करायच्या भानगडीत पडू नका. तक्रार करताना ‘मी हक्कदार आहे’ असं लिहून द्यावं लागतं, आणि ते आज खरं नाही.

व्होकल रिमूव्हर लावून मूळ गाण्यातला आवाज काढला, तर उरलेलं संगीत वापरता येतं का? आणि तीस सेकंदांपर्यंत चालतं म्हणतात. खाली श्रेय दिलं तर? — कॉलेजकुमार, राजारामपुरी

नाही. तीस सेकंदांचा नियम कायद्यात कुठंच नाही. तो चहाच्या टपरीवरचा कायदा आहे. श्रेय देणं हा शिष्टाचार, ती परवानगी नव्हे. आणि रिमूव्हर लावल्यावर तर तिन्ही बिऱ्हाडांत शिरलात, कारण आता मूळ ध्वनिमुद्रणही घेतलंत. यूट्यूबचं यंत्र असला ट्रॅक पटकन ओळखतं. ‘क्लेम’ आला, म्हणजे मालकानं त्या व्हिडिओवर हक्क सांगितला, तर घाबरू नका: मालक जाहिरातीचे पैसे घेईल किंवा व्हिडिओ बंद करेल, चॅनेलला धक्का नाही. ‘स्ट्राइक’ ही वेगळी चीज आहे: मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनेलला दिलेली ताकीद. नव्वद दिवसांत तीन झाले की चॅनेल जाऊ शकतं.

आमचा निवृत्तांचा कराओके क्लब आहे. शाहू स्मारकात कार्यक्रम करतो, तिकीट नाही, सगळ्यांना मोफत प्रवेश. एकानं सांगितलं लायसन्स लागतं. फुकट कार्यक्रमाला कसलं लायसन्स? — माजी बँक अधिकारी, नागाळा पार्क

काका, प्रश्न चांगला आहे, पण तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत, ती मी लिहिते. ऐकणाऱ्याला फुकट असतं, पण गाणाऱ्याकडून गाण्यामागं पैसे घेता ना? गावातल्या बहुतेक क्लबांत तीच पद्धत आहे. हॉलचं भाडं, साउंड, चहा-वडा त्यातूनच निघतो.

कलम ५२ मध्ये सूट आहे: हौशी मंडळानं, पैसे न भरणाऱ्या श्रोत्यांपुढं केलेला काव्य-संगीताचा प्रयोग हा भंग नव्हे. तुमचं मंडळ खरोखर हौशी असेल, वर्गणी खर्चापुरती असेल, तर तुम्ही या सवलतीत बसता असं माझं मत. पण काही ठिकाणी मंडळ नावालाच असतं. एक माणूस आयोजक, एका दुपारी तीस-चाळीस गायक, आणि संध्याकाळी बऱ्यापैकी रक्कम त्याच्या खिशात. त्याला हौशी म्हणायला मला जड जाईल. त्यानं आयपीआरएसचं लायसन्स घ्यावं. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची ही संस्था १९६९ पासूनची, आणि २०१७ मध्ये कायद्याखाली तिची पुन्हा नोंदणी झाली. कार्यक्रमाआधी अर्ज करायचा, हॉलची क्षमता आणि तिकिटाचा दर कळवायचा, त्यावर फी ठरते.

एक कोपरा राहतो. हौशी मंडळाची सूट शब्दांना आणि चालीला आहे. तुम्ही जो ट्रॅक वाजवता ते वेगळं ध्वनिमुद्रण आहे, त्याला ती सूट नाही. ट्रॅक विकत घेताना ‘सार्वजनिक कार्यक्रमात वापरता येईल’ असं पावतीवर लिहून घ्या. आणि मोबाईलवर महिन्याचे पैसे भरून जे ऐकता ते घरी ऐकण्यासाठी. हॉलमध्ये लावण्यासाठी नव्हे.

कार्यक्रमाचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकायचं असेल तर वरचं उद्यमनगरचं उत्तर पुन्हा वाचा. हॉलमधली सूट यूट्यूबवर जात नाही. नातवंडांना व्हॉट्सॲपवर पाठवलंत म्हणून कुणी पाठीमागं लागणार नाही, काळजी करू नका.

मी संगीत शिक्षिका. विद्यार्थिनींना जुनी नाट्यपदं आणि अभंग शिकवते. हार्मोनियम-तबल्यावर त्यांचे व्हिडिओ करायचे आहेत, आणि सरावासाठी ट्रॅकही. दरवेळी कंपनीला पत्र लिहायला मला जमणार नाही. — मंगळवार पेठ

बाई, तुम्हाला आनंदाची बातमी. या सगळ्या पत्रांत तुमचंच काम सर्वांत सोपं आहे.

‘मानापमान’चं उदाहरण घ्या. नाटक १९११ सालचं. पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची. ते १९४८ ला गेले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आपल्या देवल क्लबात ज्यांचं नाव आजही आदरानं घेतात ते. १९५५ ला गेले. खाडिलकरांच्या शब्दांवरचा हक्क २००८ च्या अखेरीला संपला, टेंब्यांच्या चालींवरचा २०१५ च्या. दोन्ही मोकळे. वाजवा, गा, व्हिडिओ करा, ट्रॅक विका, शब्द पडद्यावर दाखवा. कुणाला विचारायचं नाही. फक्त नव्या गायकानं गायलेलं नवं रेकॉर्डिंग उचलू नका, ते ज्यानं काढलं त्याचं. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे १९६० ला निघालेली तबकडी २०२० संपताना मोकळी झाली. पण त्याच तबकडीची साफसूफ करून कुणी नव्यानं बाजारात आणली असेल तर त्या आवृत्तीवरून वाद घालत बसू नका. जुनी तबकडीच मिळवा. कोल्हापुरात ती मिळणं अवघड नाही, कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर असतेच.

अभंगांत मात्र पाय जपून टाका. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. फडावर, दिंडीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चालही सगळ्यांची. पण आपण आज जे अभंग गुणगुणतो त्यांतल्या कितीतरी चाली गेल्या साठ-सत्तर वर्षांत बांधलेल्या आहेत. श्रीनिवास खळे २०११ ला गेले. त्यांनी अभंगाला लावलेली चाल २०७१ पर्यंत बांधलेली, शब्द कितीही शतकांपूर्वीचे असोत. म्हणून मुलींना अभंग देताना ‘ही चाल कुणाची?’ हे आधी वहीत लिहा. पारंपरिक असेल तर व्हिडिओ करा. संगीतकाराचं नाव निघालं तर वर्गात शिकवा, पण व्हिडिओ करू नका. किंवा तुम्ही स्वतः चाल बांधा. इतकी वर्षं शिकवताय, जमेल की.

व्हिडिओ केलेत, सीडी किंवा पेनड्राइव्ह काढलेत, तर त्यावर बनवणाऱ्याचं आणि हक्कदाराचं नाव-पत्ता, आणि ध्वनिमुद्रण असेल तर पहिल्या प्रसिद्धीचं सालही छापा. कलम ५२ए ते मागतं, आणि छोटी माणसं नेमकं तेच विसरतात. अठरा वर्षांखालच्या मुलींच्या आईवडिलांची लेखी संमतीही घ्या.

लग्नाच्या व्हिडिओत गाणी टाकतो, सगळेच टाकतात. लग्नाला कायद्यात सूट आहे असं वाचलं. — फोटोग्राफर, कागल

सूट आहे, वरातीत आणि मांडवात गाणं वाजवायला. तुम्ही एडिटिंगला बसून गाणं चित्राखाली घालता ते वाजवणं नव्हे, तो सिंक. त्याला सूट नाही. परवान्यासह मिळणारं संगीत घ्या, किंवा लग्नातल्या सनईवाल्याचं वादन त्याच्या लेखी संमतीनं नीट मुद्रित करून वापरा. ऐकायला कितीतरी बरं लागतं.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगते. पैसे घेऊन, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून केलेल्या चित्रफितीचा पहिला मालक गिऱ्हाईक असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे नवरीचा तो सुंदर व्हिडिओ तुमच्या चॅनेलवर नमुना म्हणून टाकायचा असेल, तर ऑर्डर घेतानाच तसं लिहून घ्या. पुढं मुलीच्या सासरच्यांनी आक्षेप घेतला तर तुमच्याकडं काही उरत नाही.

मी स्वतः लिहिलेल्या-चाल दिलेल्या गाण्याला एका कंपनीनं मागणी केली आहे. कागद आलाय, त्यात ‘सर्व हक्क कायमचे’ असं आहे. रक्कम बरी आहे. सही करू का? — गीतकार, भुदरगड

लगेच नको. हक्क देताना कोणते, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशात आणि किती पैशांत हे लिहिलेलं असावं लागतं. काळ लिहिला नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर भारत. ‘कायमचे’ लिहिलं की मात्र ती सवलत गेली. २०१२ पासून आणखी एक आधार आहे: सही केल्यावरही गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला हिस्सा राहतो, आणि तो सोडून दिल्याचं कागदावर लिहून घेता येत नाही. भविष्यात निघणाऱ्या, आज अस्तित्वातच नसलेल्या माध्यमांचे हक्कही नाव घेऊन लिहिल्याशिवाय जात नाहीत.

कंपनीला सांगा, ध्वनिमुद्रण तुमचं, शब्द आणि चाल मी दहा वर्षांसाठी देतो, कराओके आणि व्हिडिओचे पैसे वेगळे. आयपीआरएसचं सभासदत्व सहीच्या आधी घ्या. त्यांनी ‘दहा नाही, पंधरा’ म्हटलं तर घासाघीस करा, पण ‘कायमचे’ हा शब्द खोडल्याशिवाय कागद परत पाठवू नका. मसुदा मला पाठवलात तर बघून देईन.